पाण्यात विरणारं फडकं

सदाशिव पेठेत एखादं फडकं घरात आलं की त्याला सहजासहजी मरण नसतं. टॉवेलचं पायपुसणं होतं, पायपुसण्याचं ओट्याखालचं फडकं होतं. कुसुमताई परचुरे म्हणजे या शास्त्रातला अखेरचा शब्द. आणि त्यांचे यजमान श्रीनिवासराव भोसरीच्या कारखान्यात बनवत काय, तर एकदा वापरून फेकून द्यायचं फडकं! हा संसार कसा झाला असेल, बघा.

हे फडकं विणलेलं नसे. लाकडाचा लगदा रसायनात विरघळवून बारीक भोकांतून ओढला की त्याचे पुन्हा रेशमासारखे तंतू होतात, त्याला म्हणतात व्हिस्कोस. हे तंतू आखूड कापून लगद्याबरोबर पाण्यात कालवायचे, कागद करताना पसरतात तसे जाळीवर पसरायचे आणि वरून पाण्याच्या जोरदार धारा मारायच्या. तंतू एकमेकांत असे गुंततात की मागाशिवाय कापड तयार. श्रीनिवासराव या धारांच्या यंत्रावर होते. विषय निघाला की पाहुण्यांचा चहा निवेपर्यंत बोलत. त्या कापडाचे ओले रुमाल पाकिटांतून विकले जात आणि नापास तुकडे घरी येत. कुसुमताई ते धुऊन गॅलरीत वाळत घालत आणि महिनोन्महिने वापरत. श्रीनिवासरावांना ती आपल्या मालाची शाबासकीच वाटे.

मग गेल्या उन्हाळ्यात इमारतीचं ड्रेनेज तुंबलं. साफ करायला आलेल्या माणसानं चेंबरमधून एक लांबलचक, चिवट गोळा ओढून काढला. त्याचे हात कोपरापर्यंत घाणीनं माखले होते. बाकीचे नाक दाबून मागे सरकले, श्रीनिवासराव मात्र पुढे झाले. लोकांनी संडासात टाकलेले ते रुमाल होते, आणि त्यांवरची ठिपक्यांची नक्षी त्यांच्याच यंत्राची होती. त्या माणसाच्या हातांकडे बघून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. तोवर पाण्यात विरणारा रुमाल जमला नाही, तर निरोपाची शाल अंगावर घ्यायची नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं. घरी मात्र चकार शब्द काढला नाही.

मागणी तशी विचित्रच. पाकिटात ओला राहूनही रुमाल हातात टिकला पाहिजे, आणि भरपूर पाण्यात पडला की विरला पाहिजे. विभागप्रमुख नम्रता साठे वयानं लहान, पण मनानं मोकळी. ऑर्डरी आटोपल्या की ती त्यांना यंत्र देई. त्यांनी तंतू आणखी आखूड केले, लगदा वाढवला, धारांचा जोर उतरवला. कधी रुमाल पाकिटातच मोडून पडे. कधी इतका चिवट निघे की कुसुमताई तो खुशाल धुऊन वाळत घालत, आणि श्रीनिवासराव गॅलरीत फडफडणाऱ्या त्या रुमालाकडे पाठ करून जेवायला बसत. यंत्रावरची माणसं चिडवत, की जन्मभर घट्ट हवं म्हणून आमचं डोकं खाल्लंत, आता सैल हवं म्हणून खाताय.

निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात शेवटची खेप निघाली. टिकतेय का ते बघायला एक पाकीट त्यांनी घरी आणून ठेवलं. सोमवारी ते नम्रताला दाखवायचं होतं.

रविवारी ते मंडईतून भाजी घेऊन आले, तर कुसुमताई दारातच उभ्या.

"अहो, तुमच्या त्या फडक्यानं ओटा पुसला. पुसताना काही तक्रार नाही. धुवायला बादलीत बुडवलं, तर हातात काही राहिलंच नाही. इतकी वर्षं नोकरी करून तुम्हाला एक चिंधी धड जमू नये?"

श्रीनिवासरावांनी पिशवी टाकली, टोमॅटो जिन्यावरून घरंगळत गेले. ते धावत मोरीत गेले आणि बादलीत हात घालून ढवळू लागले. नुसतं पांढुरकं पाणी. पुसताना फाटलं नाही ना, हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. मग तिथेच बादलीशेजारी बसले आणि इतके हसले, की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हसता हसताच त्यांनी वर्षभर पोटात ठेवलेलं सगळं सांगितलं, तो गोळा, ते कोपरापर्यंत माखलेले हात.

कुसुमताईंनी पाकिटातून दुसरा रुमाल काढला आणि मोरीची फरशी खसाखसा पुसली. फाटला नाही. बादलीत सोडून हात फिरवला, तर रुमाल सुटत सुटत दिसेनासा झाला. जन्मात कधी चिंधी वाया न घालवलेली ती बाई लहान मुलीसारखी हसली.

"आणखी एक द्या," त्या म्हणाल्या.

असं करत करत अख्खं पाकीट संपलं. बादली कुसुमताईंनी स्वतः नेऊन संडासात ओतली. पाणी खळाळत निघून गेलं, आणि दोघं ते ऐकत उभे राहिले.

तेवढ्यात नम्रताचा फोन आला. उद्या दाखवायला रुमाल शाबूत आहेत ना, असं ती जरा काळजीनंच विचारत होती.

श्रीनिवासरावांनी हसत हसत रिकामं पाकीट उलटं करून झटकलं. "मॅडम," ते म्हणाले, "एकही उरला नाही."