रुपयावरचा डाग

वरोऱ्यातला तो म्हातारा सोनार जुन्या नाण्यांची किंमत सांगतो. साल तो शेवटी बघतो. आधी नाणं दगडावर वाजवतो, मग डोळे मिटून कडेवरून नख फिरवतो. आईच्या माळेतला चांदीचा रुपया मी तिला न विचारता काढला, त्याची कडी कानशीने घासून काढली आणि त्याच्याकडे नेला.

त्याचं नख एका जागी थांबलं. त्याने डोळे उघडले.

"घासून किंमत घालवली, भाऊ. आन् कडी जोडल्याचा हा डाग माह्याच हातचा आहे. मायले सांगतलं काय?"

"नाही."

त्याने नवी कडी जोडून दिली. "मी सांगत नाई. तुमीच सांगजा."

रुपया माळेत परत आहे. मी अजून सांगितलेलं नाही. आईचा अंगठा त्या कडीवर आला की मी श्वास रोखून बसतो.