ठिपकेवाला घेवडा

मावशीचं कधी कुणाशी पटलं नाही, असं तिच्या भाच्याचं मत. पटवून घ्यायला ती कुणाच्या दारी गेलीच नव्हती, हे मावशीचं. बियाण्यांच्या कंपनीतली नोकरी तिने साहेबाशी भांडून सोडली, आणि तांबेरा या बुरशीच्या रोगाला पुरून उरेल असा घेवडा तयार करायचं खूळ डोक्यात घेतलं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागली, असं लोक म्हणाले. लागले तर लागले, असं म्हणून तिने काचघर उभं केलं. त्यात वर्षं गेली, केस पिकले.

यंदा काचघरात तांबेरा शिरला. थोड्याच दिवसांत तिच्या नव्या रोपांच्या पानांवर टाचणीच्या टोकाएवढे करपलेले ठिपके उठले. शेजारच्या बाकावरची जुनी जात मात्र हिरवीगार होती.

"उद्या गिऱ्हाईक येतंय," भाचा म्हणाला. "ही ठिपकेवाली उपटून टाकू. बाकीची तरी वाचतील."

"हात तर लावून बघ." मावशी बाकाला पाठ लावून उभी राहिली.

"अगं, रोगट आहेत ती."

"लढतायत ती. बुरशी शिरली तिथल्या आपल्याच पेशी मारून टाकतात. तांबेऱ्याला खायला जिवंत पेशी लागते. मेलेल्या जागेत अडकला की उपाशी मरतो."

"आणि ही हिरवी?"

"चोर घरात बसून जेवतोय, याचा त्यांना पत्ताच नाही."

गिऱ्हाइकाने नेमकी हिरवी रोपं मागितली. "ती आजारी आहेत, विकणार नाही," असं मावशीने तोंडावर सांगितलं. ते हसत निघून गेलं. भाच्याने बोलणं टाकलं. मावशी रोज पानं उलटून बघायची; आपलं चुकलं असेल, तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं वय उरलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात हिरव्या पानांवर तांबूस पुटकुळ्या फुटल्या. बोट फिरवलं की गंजासारखी पूड हाताला लागे. ठिपकेवाल्या रोपांना नवी पालवी आली होती.

"जिंकलीस," भाचा म्हणाला.

पण तिच्या बाकावरच्या एका रोपावरही पूड होती. सगळ्यांत उंच, तिचं सगळ्यांत लाडकं.

"एवढं राहू दे," भाचा हळूच म्हणाला. "औषध मारू."

"लाडकं म्हणून ठेवलं, तर याचंच बी पुढे जाईल."

तिने ते मुळासकट उपटलं. डोळे भरून आले होते, पण हात थांबला नाही.