वत्सला कप्तान झाली होती

शाणूकाकाला पुस्तकात काही न जुळणारं सापडलं की तो "घावलां गो, घावलां!" असं इतक्या जोरात ओरडायचा की शेजारी आमच्या घरात आई हातातलं काम टाकून विचारायची, "काय घावलां? साप?" साप नसायचा. बाराव्या पुस्तकात ज्या खलाशाचा डावा हात तुटला होता, त्याने चौदाव्या पुस्तकात दोन्ही हातांनी दोर ओढलेला असायचा. काका बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावर, बसलेला, मांडीवर तीन पुस्तकं उघडी, चौथं हातात, कानावर पेन्सिल, आणि चेहरा असा फुललेला की जणू घरात लग्न ठरलंय.

ही पुस्तकं कसली ते सांगते. मी शाळेत असताना 'पूर्वा' नावाच्या अंतराळनौकेची एक मराठी मालिका टीव्हीवर लागायची. मालिका वर्षभरात बंद पडली, पण तिच्यावरच्या कादंबऱ्या निघत राहिल्या. खिशात मावतील एवढ्या, भुरकट कागदाच्या, एकूण चोवीस. बहुतेकींचा लेखक वेगळा, आणि एकाने दुसऱ्याचं वाचलंय असं कुणी शपथेवर सांगू शकणार नाही. शहाणीसुरती माणसं या पुस्तकांना नाकं मुरडायची. मुरडोत बापडी. चोपड्याच्या फेरीबोटीवर उभा जन्म इंजिन सांभाळलेल्या शाणूकाकाला ती चोवीस पुस्तकं म्हणजे एका नौकेचा खराखुरा इतिहास होता.

त्याचा नियम एकच. "छापलां म्हणजे घडलां." चोवीस पुस्तकांत जे जे लिहिलंय ते सगळं घडलेलं आहे, एकाच नौकेवर, एकाच माणसांच्या बाबतीत. दोन ठिकाणी जुळत नसेल तर त्यात पुस्तकाचा दोष नाही, आपलं डोकं कमी पडतंय. एखाद्याने "इथे लेखक चुकलाय" म्हटलं की काका चिडायचा. "चूक म्हणू नको. अडचण म्हण. चुकीक उपाय नसता, अडचणीक आसता."

आमचं मंडळ सहा जणांचं. रविवारी दुपारी चारला काकाच्या बाल्कांवावर जमायचं. डिचोलीजवळच्या मुळगावातून प्रकाश मोटारसायकलने यायचा. तो शेतकरी माणूस, पण शंका काढण्यात वकील. सुरुवात काकाच्या गाऱ्हाण्याने. देवळात गावकार हात जोडून उभा राहतो तसा काका उभा राहायचा आणि खणखणीत आवाजात सुरू करायचा, "बा पूर्वेच्या धन्या म्हाराजा! ही तुझी लेकरां आज अडचण घेवन बसली हत म्हाराजा! जां काय उलट लिवलां गेलां आसात तां सुलट करून घे म्हाराजा!" आम्ही बाकीचे पाचही जण ओरडायचो, "व्हय म्हाराजा!" आतून काकी म्हणायची, "देव बघता हां वरून. सगळ्यांका एकदम घेतलो." आणि चहा, पाव आणून ठेवायची.

सतराव्या पुस्तकाबद्दल मात्र मला थट्टा चालत नाही. आजही नाही. त्या पुस्तकात म्हातारे कप्तान परब नौकेची किल्ली इंजिनवाल्या वत्सलेच्या हातात देतात आणि वत्सला कप्तान होते. पुढची सात पुस्तकं तीच नौका चालवते. दहावी झाल्यावर मला डिझेल मेकॅनिक व्हायचं होतं आणि आमचे बाबा म्हणत होते, टायपिंग शीक, सरळ खुर्चीवर बस. मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. काकाने कुंपणावरून सतरावं पुस्तक माझ्या हातात दिलं. "रडतंस कित्याक? हां वाच. मगे बापाशीक सांग, वत्सलेन टायपिंग केलां नाय म्हणान." मी वाचलं, सांगितलं, बाबांची बोलणी खाल्ली आणि आयटीआयला नाव घातलं. वर्गात मी एकटी मुलगी. आज मी फेरीबोटींच्या कार्यशाळेत इंजिनं खोलते आणि परत जोडते. चोपड्याची फेरी पूल झाल्यावर गेली, दुसरीकडच्या अजून चालतात. हात ग्रीसने काळे होतात आणि मला त्याची भयंकर मिजास आहे.

याच पुस्तकात ती प्रसिद्ध अडचण होती, आणि ती सापडली काकीला, जिने एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. मी मोठ्याने वाचत होते. कप्तान परब एका परक्या ग्रहावर उतरलेत, आणि सोमवारी दुपारी तिथल्या नदीतल्या माशाचं हुमण आणि भात चापून जेवतायत. काकी आतून आली, हात पदराला पुसत.

"सोमाराक नुस्तां?"

मी घाईने तिसरं काढलं. तिसऱ्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं की परब कट्टर शिवभक्त, जन्मात कधी सोमवारी मासळीला शिवले नाहीत. मुंबईच्या कुठल्या वाचकाला हे खटकलं नसतं. आमच्याकडे घराघरात सोमवारी नुस्त्याची टोपली दारावरून परत जाते.

"आता सांगा," प्रकाश खुशीत आला. "कप्तानाचो धर्म बुडालो. ह्या पुस्तक लिवणाऱ्यान तिसरां वाचलेलांच नाय."

काका तीन आठवडे दाढी न करता बसला. काकी म्हणायची, याच्या आईचे दिवस घातले तेव्हासुद्धा याचं तोंड एवढं पडलं नव्हतं. चौथ्या रविवारी तो उभा राहिला. नवव्या पुस्तकात त्या ग्रहाचा दिवस तीस तासांचा सांगितलाय. नौका उतरली बुधवारी सकाळी. तिथल्या उजाडण्याने मोजलं तर पाच दिवसांनी सोमवार येतो, पण तिथले पाच दिवस म्हणजे दीडशे तास, म्हणजे आपले सव्वासहा. नौकेच्या घड्याळात तेव्हा मंगळवार लागलेला. आणि परब सोमवार पाळायचे तो नौकेच्या घड्याळाने.

"बरां," काकीने कंबरेवर हात ठेवले. "मगे खरो सोमार खंयच्या दिसा पडलो? आणि त्या दिसा तो काय जेवलो?"

काकाने पुस्तक उघडून माझ्या हातात दिलं. "वाच गो. आदल्या दिवसाचां दुपारचां."

मी वाचलं. तिथल्या रविवारी दुपारी कप्तानांनी नुसती पेज घेतली, नुस्त्याच्या ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही. लेखकाने कारण दिलेलं नव्हतं. आता आम्हाला कारण कळलं होतं! प्रकाशने काकाला उचलून घेतलं. काकी म्हणाली, "शिवभक्त खरो हां," आणि त्या दिवसापासून तीही मंडळात आली.

हे सगळं असंच चाललं असतं. पण गेल्या वर्षी मालिकेच्या कंपनीने 'पूर्वा' नव्याने काढायचं ठरवलं, मोबाइलवर बघायची मालिका आणि सोबत नवी कादंबरी. पणजीत एका सभागृहात वाचकांना बोलावलं. काकी घरी राहिली, बाकी आम्ही सहाही जण गेलो. काकाने इस्त्रीचा सदरा घातला होता. त्याच्या छातीचं दुखणं तेव्हा सुरू झालेलं होतं, दोन जिने चढताना तो तीनदा थांबला. कंपनीचे संपादक चटपटीत गृहस्थ. त्यांनी जाहीर केलं की पहिली सोळा पुस्तकं कंपनी मानते, सतरावं आणि त्यापुढची सात रद्द. ती झालीच नाहीत असं समजायचं. नवी कादंबरी सोळाव्याच्या लगेच पुढे सुरू होते, आणि तीत वत्सला इंजिनघरातल्या अपघातात मरते, कप्तान वगैरे काही होत नाही. "सतराव्याच्या लेखकाने तर आधीचं काही वाचलेलंच नव्हतं," ते हसत म्हणाले. "परब सोमवारी मासे खातात!"

मी उठणार तोच काकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतः उठला. बुधवार, तीस तास, दीडशे तास, मंगळवार, पेज. सगळं सांगितलं, मध्ये मध्ये दम खात. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. संपादकांनीही वाजवल्या, आणि म्हणाले, "आजोबा, अभ्यास दांडगा आहे. पण निर्णय झालाय. ती पुस्तकं आता मोजायची नाहीत."

"मोजूची नाय?" काकाने मला हाताला धरून उभं केलं. "ही आमची सुषमा. ती सतरावां पुस्तक वाचून मेकॅनिक झाली. आता हिका पण मोजूचां नाय? आमच्या फेरीबोटी हिणा दुरुस्त केल्यो, त्यो बुडवूच्यो?"

संपादक पुढच्या प्रश्नाकडे वळले. आम्ही खाली उतरलो तेव्हा काकाचे ओठ निळे पडले होते, पण माणूस खूश होता.

नवी कादंबरी आली. चाळिसाव्या पानावर वत्सला मेली. कुणी मुद्दाम कानाखाली मारावी तसं साडेतीन ओळींत उरकलेलं मरण. त्या रविवारी काका बाल्कांवावर येऊ शकला नाही, म्हणून आम्ही आत त्याच्या खाटेभोवती बसलो. प्रकाश म्हणाला, "सोपां आसा. हां पुस्तक आमच्या मंडळान मानूचां नाय. त्यांनी आमची आठ रद्द केली, आमी त्यांचां एक रद्द करतंव. हात वर करा." काकी चुलीपाशी होती; आम्हा पाचांचे हात वर गेले. माझा सगळ्यात आधी.

काकाने हात वर केला नाही.

"छापलां म्हणजे घडलां," तो म्हणाला.

मला वाटलं, तापात बरळतोय. "काका, डोकं ठिकाणावर आहे ना? ती मेली असं मी वहीत लिहू?"

"लिही."

"मग ती कप्तान कशी होईल? पुढची सात पुस्तकं कोण चालवतंय, तिचं भूत?"

"आपल्याक नको आसा तां फाडून टाकूचां, ही रीत त्यांची. तां करूक अक्कल लागणा नाय." त्याला दम लागला, पण थांबला नाही. "तुमी तीच रीत धरलात काय ते जिंकले. माका तशी वत्सला नको. कोणी दया करून ठेवलेली."

मी भांडले. आजारी माणसाशी भांडू नये एवढं मला कळतं, तरी भांडले. म्हटलं, तुमचा नियम घेऊन बसा, माझी वत्सला तुम्ही त्या लोकांच्या हवाली केलीत. काकी मध्ये पडली तर तिच्यावरही ओरडले. आठ दिवस मी त्या घराची पायरी चढले नाही. कार्यशाळेत एका इंजिनाचा बोल्ट उगाच इतका आवळला की त्याचे आटेच गेले.

नवव्या दिवशी काकीने कुंपणावरून हाक मारली. "रागावलंस तां रागाव. पण त्याका आता अक्षरां दिसणत नाय. कोणी वाचून दाखवूक होया."

मी गेले. पंचवीसही पुस्तकं खाटेवर पसरली होती. काका अर्ध्याने उरला होता. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाला, "तां मगे. आधी पान चाळीस वाच. सगळां वाच, गाळू नको." मी वत्सलेचं मरण वाचलं. मग त्याने सतराव्यातली किल्ली द्यायची जागा वाचायला लावली. मग परत चाळीस. बारा दिवस कामावरून सुटले की मी थेट तिथे जायचे आणि हीच दोन पानं वाचायचे. तो डोळे मिटून ऐकायचा, बोटांनी काहीतरी मोजायचा, मान हलवायचा. जुळत नव्हतं.

तेराव्या दिवशी त्याने मला पुस्तक मिटायला सांगितलं. आवाज इतका बारीक झाला होता की मला त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

"माका जमणा नाय. ती मेली. आणि मगे कप्तान झाली. दोनय खरां. कसां झालां, तां तू सोद."

"काका, मला नाही जमणार."

"आयटीआयत पण असांच म्हणालेलंस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काका गेला. घाटावर प्रकाश लहान पोरासारखा रडला. मी रडले नाही, मला राग आला होता. असं अर्धवट काम टाकून कुणी जातं?

त्याला आता आठ महिने झाले. रविवारी आम्ही काकाच्या बाल्कांवावर जमतो, पाच जण आणि काकी. कंपनीचा वाचकांचा एक ग्रुप मोबाइलवर आहे, त्यात राज्यभरची माणसं मला समजावतात. ताई, एक पुस्तक सोडा. ताई, काल्पनिक आहे हो सगळं. परवा खुद्द त्या संपादकांनी लिहिलं की तुमच्या भावना समजतो, पण मेलेली व्यक्ती नौका चालवू शकत नाही, एवढं तर मान्य कराल?

मी लिहिलं: वत्सला चाळिसाव्या पानावर मेली, हे आम्हाला मान्य आहे. सतराव्या पुस्तकात ती कप्तान झाली, हेही मान्य आहे. तुमचं पुस्तक आम्ही फाडणार नाही आणि आमचं तुम्हाला फाडू देणार नाही. हे कसं घडलं ते मला अजून सापडलेलं नाही. मी शोधते आहे. तोवर नौका तिच्याच हातात आहे.