काजूवालीने ओळखलेला पत्ता

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर एक बाई ओले काजूगर सोलून विकत होती. शेजारच्या बाकावर लॅपटॉप उघडून मी फोनवर भावाशी भांडत होतो. हेदवीतलं आमचं घर पर्यटकांना देण्यासाठी मी वेबसाइट केली होती. मला फोटो दिसत होते, मुंबईत त्याला नुसते रिकामे चौकोन.

ती वाकून बघत म्हणाली, “दादा, फोटोंचा पत्ता तुमच्याच लॅपटॉपातला दिलायत. भाऊ त्यात कसा शिरणार? फोटो आधी साइटवर चढवा, मग तिथला पत्ता लिहा. माझे हात चिकाचे आहेत, तुम्हीच करा.”

केलं. भाऊ ओरडला, “अरे, आपलं अंगण दिसलं!”

मी आठ दिवस अडलो होतो. हे सांगून होईपर्यंत तिचे पाच गर सोलून झाले होते. पाचही अख्खे.