हौदाचं नितळ पाणी

एका मंगळवारी सकाळी तलावातले मासे मेले.

तलाव घरापासून चालत दहा मिनिटांवर. भवानी पेठेत घराच्या आवारातच वडिलांचं सूत रंगवण्याचं काम होतं आणि त्यांच्या हौदातलं पाणी मागच्या नाल्यातून तलावातच जायचं. आमच्या घरात तेलुगू बोलतात, म्हणून आम्ही त्यांना नान्ना म्हणायचो. इतर रंगारी काम झालं की रंगीत पाणी तसंच सोडून देत. नान्ना उरलेल्या रंगात टाकाऊ सुताच्या लडी पुन्हा पुन्हा बुडवत, पाणी नितळ होईपर्यंत. मगच मोरीचा बोळा काढत. रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं, असं ते मानत. मी रसायनशास्त्र शिकले होते. रंग पक्का बसावा म्हणून घातलेला सोडा आणि मीठ पाण्यातच राहतं आणि डोळ्यांना दिसत नाही, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

त्या सकाळी मी नान्नांबरोबर तलावावर गेले. तिथं जाळं टाकून मासे धरणारे, सगळे ज्यांना मामा म्हणत, ते काठावर मेलेले मासे पोत्यात भरत होते. नान्नांना पाहून म्हणाले, "या रंगारी. तुमची पोरं झोपल्यात बघा."

"आमचं पाणी नितळ असतंय, मामा. विचारा कुणालाबी."

"व्हय की, लई नितळ. मग एक तांब्या पिऊन दावा."

नान्ना हसले नाहीत. मामांच्या घागरीत दोन मासे अजून जिवंत होते. त्यातला एक त्यांनी मागून घेतला. घरी येऊन हौदातलं गार झालेलं पाणी काचेच्या बरणीत भरलं आणि मासा त्यात सोडला. आईनं चहा आणला तेव्हा तो उलटा झाला होता.

नान्नांनी बरणी उजेडाकडे धरली.

"पाणी तर चांगलं दिसतंय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

मी हो म्हणाले.

हौद त्यांनी पुन्हा भरला नाही. नवी पेठेतल्या एका दुकानात टॉवेलांच्या घड्या घालायला जाऊ लागले. नाल्याला साऱ्या पेठेच्या मोऱ्या जोडलेल्या आहेत, एकट्या तुमच्यामुळे काही झालं नाही, असं मी त्यांना पुष्कळदा म्हटलं. ते ऐकून घेत. तलावाकडे मात्र गेले नाहीत. गेल्या वर्षी ते वारले.

त्यानंतर नाला दुसरीकडे वळवला, जलपर्णी काढली, गाळ उपसायला यंत्रं आली. हिवाळ्यात बदकं उतरली. मामा जाळं विकून मुलाकडे करमाळ्याला गेले होते, त्यांनी ती पाहिली नाहीत.

मी दर रविवारी तलावावर जाते. पश्चिमेकडचा गाळ निघाला आहे. पूर्वेकडचा तसाच आहे. तिथं मासे नाहीत.