मामांच्या इंग्रजीत मी घातलेला ‘ह’

धाकटे मामा लढाईवरून परत आले तेव्हा मी सांगलीला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या सगळ्या गोतावळ्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे साताऱ्याजवळच्या आजोळी गेलो, की कुणाचा अर्ज, कुणाच्या पेन्शनचा कागद असं काहीतरी माझ्यापुढं येऊन पडायचंच. त्या दिवाळीत मी सहामाही परीक्षा देऊन गेलो होतो आणि फार दमलो होतो. चार दिवस नुसतं पडून राहावं, एवढीच इच्छा होती. पण पोचलो त्याच दिवशी थोरल्या मामांनी सांगितलं, “धाकट्याला आठ दिसानं साताऱ्याला साहेबाफुडं हुबं ऱ्हायचं हाय. त्येचं इंग्रजी तेवढं बग.”

साताऱ्यात एका गोऱ्या साहेबाचा मोटारदुरुस्तीचा कारखाना होता. तिथं गाड्यांवर आणि सामानावर देखरेख करायला, साहेबाशी इंग्रजीत बोलेल असा माणूस हवा होता. जागेबरोबर राहायला दोन खोल्या मिळायच्या. मामांचा डोळा पगारापेक्षा त्या खोल्यांवर होता. घरात तीन भाऊ आणि चूल एक. मामा लढाईवर असताना मामीनं सगळी वर्षं जावांच्या हाताखाली काढली होती, आणि ते परत आल्यावरही त्यात काही फरक पडला नव्हता.

मामा पलटणीत लॉरी चालवायचे. मिसर, इटली असं कुठं कुठं फिरले. शेजारच्या जागेवर तीन वर्षं एक इंग्रज सार्जंट बसायचा. मामांना इंग्रजीतलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. सगळं कानानं उचललेलं.

परड्यात शेंगा तोडत बसलो असताना मी त्यांना विचारलं, “मामा, गाडी बंद पडली तेव्हा काय केलंस, असं साहेबानं विचारलं तर काय सांगाल?”

मामा ताठ बसले आणि त्यांनी भडाभडा सांगायला सुरुवात केली. सार्जंट येण्याआधीच मी गाडी कडेला घेतली होती, चाक काढलं होतं, वर चहासुद्धा ठेवला होता, असं काहीतरी होतं ते. हातातल्या शेंगाही ते तोडतच होते. मला अर्थ सगळा कळत होता, पण मी त्यांना मध्येच थांबवलं. एक गोष्ट दुसरीच्या आधीच होऊन गेली होती, हे सांगायला इंग्रजीत ‘हॅड’ लागतो. आमच्या व्याकरणाच्या पुस्तकात तो प्रत्येक वाक्यात पुरता छापलेला असायचा. मामा मात्र ‘आय हॅड’च्या जागी ‘आयड’ म्हणत होते, ‘ही हॅड’च्या जागी ‘हीड’.

“मामा, तुम्ही ‘हॅड’ म्हणतच नाही.”

“म्हनतो की. आयड.”

“आयड नव्हे. आय हॅड. मधला ‘ह’ खाताय तुम्ही.”

“आरं, सार्जंट आसंच बोलायचा.”

“सार्जंट काय कॉलेजात गेला होता?”

शेंगांचा वेल झटकून मामांनी बाजूला टाकला आणि म्हणाले, “बरं मास्तर. सांग कसं म्हनायचं.”

मी असं का केलं, ते लिहायला हवं. वसतिगृहात पहिले काही महिने शहरातली मुलं माझ्या ‘आमी-तुमी’ला हसायची. जेवायला बसलो की एक जण ठरवून विचारायचा, “काय गड्या, आमी वाढू का तुमी वाढून घेता?” आणि सगळी पंगत हसायची. त्या शब्दांतला ‘ह’ जागेवर आणायला मला वर्ष लागलं. बोलण्याआधी प्रत्येक शब्द तपासायचा, याचाच शीण अभ्यासापेक्षा जास्त व्हायचा. मामांचं ‘आयड’ ऐकलं तेव्हा मला ते आपलंच ‘आमी’ वाटलं. साहेबाच्या खोलीत त्यांना कुणी हसू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

मग आठ दिवस उजळणी चालली. बैलांमागं, विहिरीवर, गोठ्यात मामा पुटपुटत राहायचे, “आय हॅड गॉन, यू हॅड गॉन, ही हॅड गॉन.”

एकदा मामीनं आतून विचारलं, “आवं, हाड हाड कुनाला करताय? कुत्रं कवाच गेलं.”

मामा हसले. मी हसलो नाही. उजळणी मोडते, असं मला वाटलं.

सहाव्या दिवसापर्यंत मामा प्रत्येक वाक्याआधी थांबायला लागले. डोळे वर करून ‘हॅड’ शोधायचे, सापडला की तो ठेवायचे आणि मग पुढचा शब्द घ्यायचे. चाक काढल्याची ती गोष्ट सांगायला त्यांना आता चौपट वेळ लागत होता. मला ती सुधारणा वाटली.

ठरल्या दिवशी आम्ही दोघं चालत साताऱ्याला गेलो. मी बाहेर बाकावर बसलो. दार उघडंच होतं. साहेब म्हातारा होता, आणि तोही दमलेलाच दिसत होता. त्यानं साधाच प्रश्न विचारला, की पलटणीत काय काम करत होतास? मामा सावधानमध्ये उभे राहिले आणि त्यांनी डोळे वर केले. मग एकेक शब्द आला. “आय... हॅड... ड्रिव्हन...” पुढचा शब्द येईपर्यंत त्यांनी दाराकडं, माझ्याकडं बघितलं. साहेबानं आणखी दोन प्रश्न विचारले. दोन्ही उत्तरं पुस्तकातल्यासारखी शुद्ध होती आणि दोन्ही मेलेली होती.

साहेब रागावला नाही. त्यानं वही मिटली आणि म्हणाला, “आयड होप्ड...” म्हणजे, मला आशा होती, की तू आमच्या लोकांत राहिलेला असशील. हे तर कुणीतरी पाठ करून घेतलंय.

त्याच्या तोंडून ते ‘आयड’ इतकं सहज आलं, की मला आधी ते मामाच बोलल्यासारखं वाटलं. मग कान तापले.

“कुणी शिकवलं तुला?” साहेबानं इंग्रजीत विचारलं.

“नोबडी, सार,” मामा म्हणाले. एवढं मात्र पटकन म्हणाले.

मी उठून दारात गेलो. मला सांगायचं होतं, की साहेब, हे आधी बरोबरच बोलत होते, मीच बिघडवलं. मी मनात वाक्य जुळवलं. त्यात दोन ठिकाणी ‘हॅड’ येत होता. दोन्ही नीट बसले का, ते तपासलं. तेवढ्यात मामांनी सलाम ठोकला, ते बाहेर आले आणि चपराशानं पुढच्या माणसाला हाक मारली.

आम्ही परत निघालो. ऊन कलायला लागलं होतं. चालता चालता मीच म्हटलं, “मामा, तुमचंच बरोबर होतं. साहेबपण आयडच म्हणाला.”

“आयकलं मी.”

“मग त्यानंतर तरी तुमच्यासारखं का नाही बोललात?”

“तोंडच लागंना रं. बोलाय गेलं की तू म्होरं हुबा.”

“मी आत येऊन सांगणार होतो.”

“दिसलास की दारात.” मामा रस्त्याच्या कडेला खाली बसले. वहाणा काढून त्यांनी पाय चोळले. “लय दमलो बग. तिकडं तीन वरसं बोललो, पर आसं दमाय न्हाई झालं.”

मी शेजारी बसलो. मला माफी मागायची होती. आमच्यात भाच्यानं मामाची माफी कशी मागायची, हे मला माहीत नव्हतं.

“घरात मी बोलतो,” ते उठता उठता म्हणाले. “तू गप ऱ्हा. थोरल्याला कळलं तर तुज्या कालेजावर घसरंल. तुजी दोन वरसं ऱ्हायलीत आजून.”

मामी दारातच उभी होती.

“जागा आदीच भरली हुती,” मामा म्हणाले.

“मग बलावलं कशाला?”

“साहेबाचं काम. त्येला कोन इचारनार?”

मामीनं माझ्याकडं बघितलं. “खरं व्हय रं?”

मामा तोवर हातपाय धुवायला परड्यात गेले होते. मला कुणी अडवत नव्हतं.

“व्हय, मामी,” मी म्हणालो.

सोप्यात कोपऱ्याला साताऱ्याला न्यायला म्हणून एक पोतं बांधून ठेवलेलं होतं. तिनं त्याची गाठ सोडली. आत दोन पातेली, एक परात आणि तवा होता. एकेक भांडं नेऊन ती थोरल्या जावेच्या फळीवर मांडायला लागली. मी उंबऱ्यातच उभा होतो. तिला वाट द्यायला मला चार वेळा बाजूला सरकावं लागलं.