एक खेद, एक आशा

कापडाच्या मिलमधल्या फोल्डिंग खात्यात चिंध्या कुणी मुद्दाम साठवत नाही. ताक्याच्या टोकाचा तुकडा कापला जातो, कोपऱ्यात पडतो, आणि सहा महिन्यांनी बघावं तर तिथे माणूस झोपेल एवढा ढीग! माझ्याकडच्या किश्श्यांचं तसंच झालंय. सुरतेत असताना मी दोन वर्षं एका मिलमध्ये संध्याकाळचं इंग्रजी शिकवलं. शिकवलं किती आणि शिकले किती ते सोडा, पण ढीग मात्र झाला. आता तुम्ही विषय काढलाच आहे तर उपसते थोडा.

मी मूळची अमरावतीची. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून सुरतेला आले आणि बमरोली रोडवरच्या एका मराठी शाळेत लागले. प्लेगची धास्ती ओसरून शहर झाडून-पुसून पुन्हा उभं राहिलं होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट. एक दिवस पांडेसऱ्याच्या एका मिलचे शेठ स्वतः शाळेत हजर. हातात दोन पत्रं आणि चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

झालं होतं असं. मिलचे हेडक्लार्क मनसुखभाई परदेशी पत्रव्यवहार बघायचे. त्यांच्याकडे दोनच तयार पत्रं होती. माल बिघडला की खेदाचं पत्र, ऑर्डर आली की आनंदाचं. त्या आठवड्यात दुबईला गेलेल्या साड्यांचा रंग गेला होता आणि मॉरिशसहून मोठी ऑर्डर आली होती. मनसुखभाईंच्या हातून पाकिटांची अदलाबदल झाली.

रंग गेलेल्या दुबईवाल्यांना पत्र मिळालं, की झाल्या प्रकाराने आम्हाला अत्यंत आनंद झाला असून दरवर्षी असंच घडत राहो ही आशा! आणि मॉरिशसवाल्यांना कळवलं, की तुमच्या ऑर्डरबद्दल आम्हाला तीव्र खेद आहे, असं पुन्हा होणार नाही याची खात्री बाळगा. मॉरिशसवाल्यांनी मिलचा शब्द राखला. पुन्हा ऑर्डर दिली नाही.

शेठ मला म्हणाले, बेन, माझ्या माणसांना दोनच गोष्टी शिकवा. झाल्याचा खेद आणि पुढची आशा. बाकीचं इंग्रजी समोरच्या पार्टीला येतंच.

* * *

साडेपाचला वर्ग भरायचा, फोल्डिंग खात्यातच. बाकं नव्हती. अकरा जण ताक्यांच्या थप्प्यांवर बसायचे आणि मी पॅकिंगच्या टेबलाशी. नियम एकच ठेवला होता, हजेरीला प्रत्येकाने उभं राहून इंग्रजीत एक खेद सांगायचा आणि एक आशा.

पहिल्याच दिवशी गाडी अडली. गेटवरचे सुपरवायझर गायकवाड, नांदेडकडचे, छातीवर हात ठेवून म्हणाले, "बाई, म्या आयुष्यात काही वावगं केलंच नाही. खेद कशाचा करू?"

मी बरं म्हटलं आणि पुढे गेले. तेवढ्यात त्यांची बायको विसरलेल्या किल्ल्या घेऊन दारात आली. मी तिला सहज सांगितलं, की गायकवाडांना कशाचाच खेद नाही. ती म्हणाली, असं का? आणि बोटं मोजायला लागली. पत्ते खेळत बसून बहिणीच्या लग्नाची गाडी चुकवली. मला न विचारता दारातला लिंब तोडला. पोराच्या बारशाला आत्याबाईंनी ठरवलेलं नाव विसरून स्वतःचंच नाव सांगून बसले. पाचाला थांबली ती दुसऱ्या हातात किल्ल्या होत्या म्हणून.

अकराही जणांनी वह्या काढल्या होत्या. त्या आठवड्याचा गृहपाठ गायकवाडांच्या बायकोने दिला.

* * *

खेद हळूहळू जमायला लागला. घोडं अडलं आशेवर.

गायकवाडांचा मुलगा दहावीला होता. एका संध्याकाळी ते उठले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आय होप माय सन विल फेल."

अरे बाप्पा! मला वाटलं शब्द चुकला. मी फेलचा अर्थ समजावला. त्यांना तो चांगला ठाऊक होता. जवळ येऊन हळूच म्हणाले, बाई, चांगलं तोंडाने बोललं की दृष्ट लागते. माझ्या मनात काय आहे ते देवाला कळतं. मी म्हटलं, अहो, पण इंग्रजांना कळत नाही ना! त्यावर ते शांतपणे म्हणाले, "परीक्षा गुजरात बोर्डाची आहे बाई."

मुलगा फर्स्टक्लासात पास झाला आणि माझा वर्ग बिघडला. आता प्रत्येक जण उठून वाईटसाईट आशा करायला लागला. कुणाला बहिणीचं लग्न मोडायला हवं होतं, कुणाला गावच्या विहिरीचं पाणी आटायला. माझा इलाज चालेना. एवढी मनोभावे केलेली प्रार्थना मी देवळातही ऐकली नव्हती.

* * *

नेमके त्याच महिन्यात शेठ वर्ग बघायला आले. मनसुखभाईंनी त्यांच्यासाठी खास खुर्ची आणली. शेठ ऐटीत बसले आणि म्हणाले, चालू द्या.

माणसं इमानदार. शेठसमोर मिलचीच आशा करायची हे त्यांनी परस्पर ठरवलेलं. पहिला उठला, "आय होप धिस मिल विल क्लोज." दुसरा, "आय होप ऑल मशीन विल ब्रेक." तिसऱ्याने तर तापीचा पूर थेट शेठच्या बंगल्यात आणला.

शेठ पांढरे पडले. मला म्हणाले, "बेन, आ लोकोने तमे शुं शीखवाडो छो?"

मनसुखभाईंनी त्यांना बाहेर नेऊन अर्धा तास गुजरातीत समजावलं. मी नोकरी गेली असं धरून पर्स आवरली. शेठ परत आले, अकराही जणांकडे डोळे भरून बघितलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दाराला लिंबू-मिरची टांगलेली होती, शेठच्या हुकमाने!

मी मात्र त्या दिवसापासून उलटी आशा बंद केली. जो करील त्याला वाक्य दहा वेळा लिहायची शिक्षा.

* * *

आता व्याह्यांचं सांगते. खरं तर सगळा ढीग उपसायला घेतला तो त्यांच्यासाठीच.

फोल्डिंगचे मास्तर भामरे आणि रंगखात्याचे मास्तर सोनवणे, दोघे खानदेशातले, एका मिलमध्ये पंधरा वर्षं, जिवाभावाचे, आणि दोघेही माझ्या वर्गात. त्या जिव्हाळ्यातूनच भामऱ्यांची उज्ज्वला सोनवण्यांच्या घरी दिली. लग्नात मानाच्या पुरुषांना टॉवेल-टोपी द्यायची असते. भामऱ्यांनी टोप्या मोजल्या, पण एक कमी पडली. आणि ती पडली नेमकी सोनवण्यांच्या नंदुरबारच्या म्हाताऱ्या मामांच्या वाट्याला. मामा नुसता टॉवेल खांद्यावर टाकून सगळ्या मांडवादेखत बोडक्याने परत गेले. तेव्हापासून व्याह्यांचा अबोला.

पण अबोला धरला म्हणून कापड थांबत नाही. रंगून निघालेला माल फोल्डिंगलाच येणार. मग मधे मनसुखभाई. दोघे हातभर अंतरावर उभे असायचे आणि भामरे मनसुखभाईंना म्हणायचे, त्यांना सांगा माल ओला आहे. सोनवणे म्हणायचे, यांना सांगा पंखा लावा.

एकदा मनसुखभाई भाचीच्या लग्नाला बारडोलीला गेले. त्या दिवशी मी लवकर पोचले, तर दोघे मास्तर मालाच्या ट्रॉलीच्या दोन बाजूंना उभे राहून ट्रॉलीशी बोलत होते! ट्रॉलीबाई, त्यांना सांगा हिरव्याला डाग आहेत. ट्रॉली, यांना सांग डाग उजेडात बघा. मला हसू आवरेना.

मनसुखभाईंनी नंतर त्या ट्रॉलीला खडूने आपलं नाव घातलं.

* * *

हसले खरी, पण पुढे पुढे मला दोघांचा राग यायला लागला. उज्ज्वलाला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. पण सासरहून न्यायचं तर माहेरचा मुराळी जायला हवा, आणि सोनवण्यांनी कळवलं होतं की टोपीची चूक कबूल केल्याशिवाय मुराळी दारात नको. भामरे म्हणायचे, मुलीचा बाप म्हणून आणखी किती वाकू? दोन घरांच्या मधे एक नाला आणि एक पानाचं दुकान. सातवा गेला, आठवा लागला, पोरगी तिकडेच.

भामऱ्यांचा वर्गातला खेद रोज एकच असायचा, की मी सायकल शिकलो नाही. आशाही एकच, उद्या पंखा दुरुस्त होईल. मला वाटायचं, आळस करतात.

एकदा वर्ग सुटल्यावर बघितलं, तर ते चिंध्यांच्या ढिगापाशी उकिडवे बसून तुकडे गालाला लावून बघत होते. आमची मिल सगळी पॉलिएस्टरची. त्या ढिगात सुती तुकडा म्हणजे एखादा, परदेशी नमुन्याच्या पाकिटातून पडलेला. मी विचारलं, काय शोधता? ते ओशाळले, हातातला एक सुती तुकडा खिशात सरकवला.

"दुपट्याले मऊ लागस ना बाई. उज्ज्वलानी माय शिवी ऱ्हायनी."

दुपटी घरात शिवून तयार होत होती आणि ज्याच्यासाठी शिवायची ते त्या घरात येईल की नाही याचा पत्ता नाही. मला त्या दिवशी घरी जाताना रडू आलं, आणि ते सांगायला मला लाज नाही. रात्रभर विचार केला आणि सकाळी एक लबाडी ठरवली.

* * *

दुसऱ्या दिवशी वर्गात जाहीर केलं, की आज जोडीजोडीने संवाद. एकाने मिलवाला व्हायचं, दुसऱ्याने परदेशातली पार्टी. मालात खोट निघाली आहे. मिलवाल्याने खेद सांगायचा आणि आशा व्यक्त करायची. मिलवाले भामरे. पार्टी सोनवणे.

मनसुखभाई सवयीने उठून मधे उभे राहिले, त्यांना मी खाली बसवलं. सोनवणे छताकडे बघत होते. भामऱ्यांनी मान वर न करता मला विचारलं, "बाई, इंग्रजीमा बोलनं म्हंजे बोलनं धरतस का?"

मी म्हटलं, अजिबात नाही. इंग्रजी हा फक्त अभ्यास आहे.

भामरे उभे राहिले. शर्टाची बटणं बघितली आणि म्हणाले, "डिअर सर. वुई रिग्रेट. वन पीस शॉर्ट."

सोनवण्यांनी आधी मनसुखभाईंकडे बघितलं. मग उठले. "विच पीस?"

"कॅप."

गायकवाड पुढे सरकून बसले. सोनवण्यांचा आवाज चढला, पण भाषा त्यांनी सोडली नाही. "नॉट वन पीस. माय मामा. ओल्ड मॅन. ही वेंट विदाऊट कॅप. ऑल पीपल सॉ."

भामऱ्यांचा चेहरा उतरला. दोन वर्षांत त्या वर्गात एकही वाक्य मी दुरुस्त केल्याशिवाय सुटलं नव्हतं. सोनवण्यांचं ते पहिलं, जे मी तसंच जाऊ दिलं.

"आय विश आय हॅड काउंटेड," भामरे म्हणाले.

मी हळूच म्हटलं, आता आशा. "आय होप" एवढं तीनदा म्हणून झालं. हात खिशात गेला होता आणि खिशातून कालच्या सुती तुकड्याची कड बाहेर आली होती. शेवटी त्यांनी डोळे मिटले.

"आय होप माय डॉटर विल नॉट कम होम."

मनसुखभाईंनी कपाळावर हात मारून घेतला. उलटी आशा! नियमाप्रमाणे वाक्य दहा वेळा लिहायची शिक्षा. मी खडू उचललाही, पण सोनवणे अजून उभे होते. ते भामऱ्यांच्या खिशाकडे बघत होते.

"आय होप," ते म्हणाले. "आय होप यू विल नॉट कम ऑन संडे." आणि लगेच, "अँड आय होप यू विल नॉट ब्रिंग कॅप."

मी खडू ठेवून दिला. दोघेही आपापल्या थप्पीवर बसले. थोड्या वेळाने भामऱ्यांनी शेजारी वाकून मनसुखभाईंना गुजरातीत विचारलं, की बाजारातलं टोपीचं दुकान रविवारी किती वाजता उघडतं.

मनसुखभाई तोंड उघडणार, तेवढ्यात खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून सोनवणे म्हणाले, "धा वाजता. पन मोठी ल्या, मामानं डोकं मोठं शे."